रूममेटला ताप आहे आणि ती म्हणते कुणाला सांगू नको

डिसेंबर २०२१मधलं, कोविडच्या साथीतलं हे पत्र आणि माझं उत्तर; त्यातले नियम आणि तारखा तेव्हाच्या. पत्र थोडं कापून देते.

"ताई, मी एमएस्सीला आहे, बेळगावजवळ विद्यापीठाच्या हॉस्टेलवर राहते, गाव खानापूर तालुक्यात. माझी रूममेट चंदगडकडची, म्हणजे महाराष्ट्रातली. गुरुवारपासून तिला ताप, घसा, अंगदुखी, पण टेस्ट करायला तयार नाही. सकाळी डोलो, म्हणजे तापाची गोळी घेते आणि क्लासला जाते, गेटवर कपाळाला ताप मोजायची बंदूक लावतात त्यात काहीच येत नाही. म्हणते कळलं तर हॉस्टेलमधनं काढतील, २० तारखेपासून इंटरनल्स आहेत आणि घरी आजी दम्याची आहे. मला शपथ घातलीय. दोघींचे दोन्ही डोस झालेत. सांगू की नको? दुसरं म्हणजे मला सीआर (वर्गप्रतिनिधी) म्हणून विद्यापीठाच्या कोविड कमिटीत घेतलंय, मंगळवारी मीटिंग आहे, तिथं काय बोलायचं? आणि बुधवारी तिनं घरनं आणलेले काजूगर आम्ही एकाच डब्यातनं खाल्ले, त्यानं काय होईल का? नाव छापू नका."

अगं, तुझं पत्र काल शनिवारी रात्री वाचलं आणि बाकीची सगळी बाजूला ठेवून आज १२ डिसेंबरला सकाळीच लिहायला बसले, कारण सासू-सुनेचं पत्र आठवडाभर थांबतं, ताप थांबत नाही. कुठलं विद्यापीठ ते तू लिहिलं होतंस, ते मी काढून टाकलंय. बेळगाव भागात आरसीयू (राणी चन्नम्मा विद्यापीठ) आहे, व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) आहे, मेडिकल, इंजिनिअरिंग, फार्मसी सगळं आहे, त्यामुळं वाचणाऱ्या प्रत्येक पोरीला हे आपल्याच हॉस्टेलचं वाटणार, आणि वाटू दे की.

सांगायचं. पण आधी वॉर्डनला नाही, आधी तिला. आज दुपारी जेवण झाल्यावर तिच्याशी बोल, खोलीत नको, खाली मैदानात नाहीतर गच्चीवर, दोघींच्या तोंडाला मास्क लावून, आणि तिला सरळ सांग की संध्याकाळी सहापर्यंत तू स्वतः वॉर्डनला सांग, मी तुझ्यासोबत येते, आणि तू नाही सांगितलंस तर मी सांगणार. सहा म्हणजे सहा. तुला वाटेल ही दगाबाजी झाली, पण शपथ घालताना तिनं तुला विचारलं होतं काय? त्या मजल्यावर अजून वीस-तीस पोरी असतील, एकच बाथरूम वापरणाऱ्या, त्यांनी तर कुणीच शपथ घेतलेली नाही.

आणि तिच्यापुढं कॅलेंडर ठेव. हे मी उगाच म्हणत नाही, भीती घालून काही होत नाही, हिशोब दाखवला की माणूस ऐकतं. तिचा ताप सुरू झाला गुरुवारी ९ तारखेला. सौम्य आजार असेल तर डिसेंबर २०२१च्या नियमात लक्षणं सुरू झाल्यापासून १० दिवस आणि शेवटचे ३ दिवस ताप नाही, एवढं झालं की आयसोलेशन संपतं. म्हणजे आज सांगितलं तर १९ तारखेला, रविवारी, दहा दिवस भरतात. इंटरनल्स सोमवारी २०ला! लपवत राहिली आणि गुरुवार-शुक्रवारी कुणाच्या तरी लक्षात आलं, किंवा धाप लागून रात्री ऍम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली, तर परीक्षाही गेली आणि वर चौकशीही लागली. ताप लवकर उतरला पाहिजे आणि डॉक्टरनी होय म्हटलं पाहिजे, ते आपल्या हातात नाही, पण लपवण्यापेक्षा सांगण्यात परीक्षा वाचायची शक्यता जास्त आहे एवढं तिला दिसू दे.

आता एक गोष्ट तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. ह्यात नुकसान झालं तर तिच्यापेक्षा तुझं जास्त होऊ शकतं. तिची मोजणी ९ तारखेपासून, तुझी मोजणी तू तिच्याबरोबर शेवटची राहिलीस त्या दिवसापासून. आज रात्रीही तिथंच झोपलीस तर ती अजून एक दिवस पुढं जाते. संपर्कातल्या माणसाला किती दिवस बाजूला बसवायचं ते आरोग्य खात्याची माणसं ठरवतील, दोन आठवडेही धरतात, म्हणजे २० तारखेला ती पेपर लिहीत असेल आणि तू खोलीत बसून असशील असं होऊ शकतं. तुला पत्र लिहिताना हे माहीत होतं की नाही कळत नाही, माहीत असून लिहिलं असशील तर तुझं कौतुक आहे, नसेल तर आता कळलं, तरी सांगायचंच. पण त्याचा इलाजही आहे, तो पुढं कमिटीच्या भागात लिहिते.

मी एवढ्या ठामपणे का बोलते त्याला कारण आहे. मी बरीच वर्षं एका लेडीज हॉस्टेलची रेक्टर होते. २००९ साली ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू झाला आणि आपल्याकडं घबराट पसरली, कारण बेळगावचं अर्धं गणगोत पुण्यात, प्रत्येक घरातलं कोणतरी तिकडं नोकरीला. मी हुशारी केली, नोटीस लावली की जिला ताप असेल तिला त्याच दिवशी घरी पाठवण्यात येईल. पुढचे दहा दिवस माझ्या हॉस्टेलमध्ये एकाही पोरीला ताप आला नाही. मी खूश, संस्थेचे लोक खूश. मग झाडलोट करणाऱ्या आमच्या मावशी एका सकाळी सूप घेऊन ऑफिसात आल्या, सुपात क्रोसिनची रिकामी पाकिटं, वीस-पंचवीस तरी. म्हणाल्या, "बाई, पोरींस्नी ताप नाही म्हणता, मग ही गोळ्या कोण खायलंय?"

त्या दिवशी नोटीस मीच फाडली. तोवर दोन खोल्यांतल्या पोरी चांगल्याच आजारी होत्या, एकीला ऍडमिट करावं लागलं. कुणी दगावलं नाही हे नशीब, माझी अक्कल नव्हे. पोरी खोटारड्या नव्हत्या. एवढ्या पावसात खानापूर-जांबोटीकडं घरी जायचं, आठ दिवस क्लास बुडवायचे, परत घेतील का नाही माहीत नाही, त्यापेक्षा गोळी खाऊन गप पडलेलं बरं, असा त्यांचा हिशोब होता, आणि तो हिशोब मी त्यांना शिकवला होता. तुझी रूममेट आज डोलो खाते, गोळीचं नाव तेवढं बदललं.

बरं, आता टेस्ट. सरकारी दवाखान्यात फुकट होते, तुमच्या जवळच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) किंवा गावात सिव्हिलला. बसनं नको. विद्यापीठाची गाडी मागा, काचा उघड्या ठेवून जा, आणि वॉर्डनला सांगायचं एक कारण हेही आहे की गाडी तेव्हाच मिळते. मेडिकलमधनं घरी करायचं किट आणून निगेटिव्ह आलं म्हणून नाचू नका. ते किट किंवा रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर पॉझिटिव्ह धरायचं, पण लक्षणं असताना निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायचीच, नियमही तोच आहे.

घरी मात्र आत्ता पाठवायचं नाही तिला. एसटीचा संप चालू आहे, म्हणजे शिनोळीवरनं चंदगडला जायचं तर वडापातनं, सात माणसांच्या गाडीत बारा, काचा बंद, थंडीचे दिवस. आणि पलीकडं दम्याची आजी. परत कर्नाटकात येताना बाचीच्या नाहीतर कोगनोळीच्या चेकपोस्टला ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट मागतील, तो ती कुठनं आणणार? एकदा बॉर्डर ओलांडली की परीक्षा विसरायची. वॉर्डन "घरी जा" म्हणाल्या तर हे सगळं शांतपणे सांगायचं, रडायचं नाही, भांडायचं नाही.

वेगळी खोली मिळेपर्यंत तू त्या खोलीत झोपू नकोस. आणि झोपावंच लागलं एखादी रात्र तर खिडकी उघडी ठेव, समोरचं दार उघडं ठेव, दोघी मास्क लावून, डोक्याची बाजू उलटसुलट करून. थंडी वाजेल, घोंगडी घे. बेळगावची डिसेंबरची थंडी मला माहीत आहे, आपण सगळे खिडक्या लावून बसतो आणि तिथंच घात होतो. हा रोग मुख्यतः हवेतनं पसरतो. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या ऑफिसनं २०२१च्या मे महिन्यात कागद काढला होता त्यात लिहिलंय की मोठे थेंब २ मीटरपर्यंत पडतात पण बारीक कण हवेत १० मीटरपर्यंत जाऊ शकतात. तुमची खोली लांबीला किती? तीन-चार मीटर. म्हणजे पलंग लांब सरकवून काही उपयोग नाही, हवा बाहेर गेली पाहिजे. टेबल फॅन असेल तर खिडकीत तोंड बाहेर करून लाव, आतली हवा बाहेर फेकेल.

तिला पल्स ऑक्सिमीटर मिळवून द्या, हॉस्टेलमध्ये एक तरी असेलच. दिवसातनं तीन-चार वेळा बघायचं, ९४च्या खाली गेलं, धाप लागली, छातीत दुखलं किंवा बोलताना गोंधळायला लागली तर रात्रीचे दोन वाजले तरी दवाखाना, १०८ ला फोन. बाकी पाणी, पेज, झोप. डॉक्टर सांगतील ते औषध, मैत्रिणीच्या मामाच्या व्हॉट्सऍपवरनं आलेली पाच गोळ्यांची यादी नको. आणि वाफ घेऊन विषाणू मरत नाही गं, नाक मोकळं होतं एवढंच. हॉस्टेलमध्ये उकळत्या पाण्याचं पातेलं सांडून भाजलेली पोर मी पाहिलीय.

दोन डोस झालेत म्हणून आपल्याला काय होत नाही, हे डोक्यातनं काढ. लांब कशाला, शेजारच्या धारवाडात गेल्याच महिन्यात काय झालं? एका मेडिकल कॉलेजात १७ नोव्हेंबरला फ्रेशर्सचा कार्यक्रम झाला, आधी ६६ पॉझिटिव्ह, मग १८२, मग २८१. बहुतेकांचे दोन्ही डोस झालेले, आणि ह्यातली बरीचशी डॉक्टर होणारी पोरं, त्यांना मास्क म्हणजे काय ते शिकवायची गरज नव्हती. पण त्यातल्या बहुतेकांना लक्षणंच नव्हती किंवा अगदी किरकोळ होती, लस तिथंच कामाला आली. लस माणसाला वाचवते, पसरणं पूर्ण थांबवत नाही, आणि तुमच्या मेसमध्ये भाकरी थापणाऱ्या साठीच्या आक्कांना ते किरकोळ जाईलच असं नाही. त्यात आता ओमिक्रॉन हा नवा प्रकार, देशातले पहिले दोन पेशंट आपल्याच कर्नाटकात सापडले, २ डिसेंबरला.

आता तुझी कमिटी. तुला घेतलंय म्हणजे फोटोपुरतं घेतलं असण्याची शक्यता आहे हे धरून चाल, आणि तरीही बोल. पाच पानांचं भाषण नको, एकच मुद्दा धर, तो असा. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) कॉलेजं उघडायचे नियम काढले, त्यात लिहिलंय की लक्षणं असलेल्या विद्यार्थ्याला हॉस्टेलमध्ये कुठल्याही परिस्थितीत राहू देऊ नये. हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच नियमांत असंही आहे की लक्षणं असलेल्यांसाठी आयसोलेशनची आणि संपर्कातल्यांसाठी क्वारंटाईनची सोय संस्थेनं करायची, स्वतःकडं नाहीतर सरकारी दवाखान्याशी किंवा प्रशासनाशी आधीच बोलून ठेवून. पहिलं वाक्य पाळलं आणि दुसरं सोडलं की काय होतं? माझ्या २००९च्या हॉस्टेलसारखं होतं. गंमत म्हणजे त्याच कागदात एका खोलीत दोघांना ठेवू नये असंही आहे, तुमच्या खोलीत किती जणी ते तूच सांगितलंस.

म्हणून मीटिंगमध्ये विचार की आत्ता ह्या घटकेला एखाद्या पोरीनं ताप आला म्हणून सांगितलं तर ती आज रात्री कुठं झोपणार, कुठल्या खोलीत, कुठल्या कॉटवर, तिची खोली झाडणार कोण, जेवण कोण नेऊन देणार, रात्री फोन कुणाला करायचा. गेस्ट हाऊस आहे म्हणतील. उद्यापासून सुवर्णसौधमध्ये विधानसभेचं अधिवेशन आहे, बेळगावातल्या लॉजपासून गेस्ट हाऊसपर्यंत सगळं फुल असणार, तेव्हा किल्ली खरंच हातात आहे का ते बघूनच माना. चार खोल्या पुरे सुरुवातीला, एका टोकाच्या, स्वतंत्र बाथरूमच्या, खिडक्या उघडणाऱ्या.

मग दुसरा प्रश्न इंटरनल्स आणि अटेंडन्सचा. पॉझिटिव्ह आलेल्याची आणि त्याच्या संपर्कामुळं बसवलेल्याची, दोघांची, परीक्षा नंतर घेणार आणि ते दिवस शॉर्टेजमध्ये धरणार नाही, हे लेखी पाहिजे. तोंडी नको, सर्क्युलर. संपर्कातल्यांचं नाव त्यात स्पष्ट असू दे, नाहीतर कमिटीवाले फक्त पेशंटचा विचार करतात आणि तुझ्यासारखी मधल्यामध्ये लटकते. एचओडी म्हणतील हे माझ्या हातात नाही, रजिस्ट्रारकडं जावं लागेल. जाऊया म्हणायचं. हा कागद निघाला ना, तर तुमच्या गेटवरच्या बंदुकीपेक्षा जास्त पेशंट तो पकडून देईल. ती बंदूक तशीही डोलो खाल्लेल्याला सोडते आणि ज्याला ताप नाही पण विषाणू आहे त्यालाही सोडते, तिच्याजागी वॉचमनच्या हातात झेंडूचं फूल दिलं तरी तेवढंच काम होईल.

औषध फवारणीचा विषय निघेलच, कुणालातरी तो ठेका आवडतो. रस्त्यावर आणि झाडांवर हायपोक्लोराईट मारून काही होत नाही, माणसांवर तर मारूच नये, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०२० च्या एप्रिलमध्येच नको म्हणून सांगितलंय. त्या पैशात लॅबच्या आणि रीडिंग रूमच्या गंजलेल्या खिडक्या दुरुस्त करून घ्या, तिथं एक्झॉस्ट फॅन बसवा.

आणि मेसचे आचारी, झाडलोटीच्या बायका, वॉचमन, लायब्ररीतले अटेंडर, ह्यांचं कोण बोलणार आहे त्या मीटिंगमध्ये? बहुतेक सगळी आसपासच्या खेड्यातली माणसं, कॉन्ट्रॅक्टवर, एक दिवस नाही आली की पगार कापला. आचाऱ्याला ताप आला तर तो तुला सांगेल काय? तुझी रूममेट परीक्षेसाठी लपवते, तो चुलीसाठी लपवतो, आणि तो रोज तीनशे जणांना वाढतो. त्यांच्या आजारपणाचे दिवस भरपगारी धरा एवढं म्हण. पटकन कुणी होय म्हणणार नाही, पण मिनिट्समध्ये लिहून घ्यायला लाव.

अजून एक, हे बोलायला आपल्याकडं जरा जड जातं. तुमच्या नोटिसा कन्नडमध्ये आणि इंग्लिशमध्ये असतात, ठीक आहे, राज्याचा कारभार आहे. पण तुझ्या रूममेटच्या आई-वडिलांना त्यातलं काय कळणार? पोरगी पॉझिटिव्ह म्हणून व्हॉट्सऍपवर कन्नड पत्र आलं तर चंदगडात रात्री ते कुणाकडं वाचायला नेणार? कमिटीत हे भाषेचं भांडण म्हणून मांडू नको, तसं मांडलंस की मीटिंग तिथंच संपली, दोन्ही बाजूंना तेच हवं असतं. एवढंच म्हण की आजाराची सूचना पेशंटच्या घरच्यांना कळेल त्या भाषेत जावी, मराठी असो, उर्दू असो, कोंकणी असो, आणि ते काम मी आणि अजून दोन पोरी फुकट करून देतो. वर्गातल्या एखाद्या कन्नड मैत्रिणीला बरोबर घे, ती बोलली तर अजून बरं.

तुझ्या रूममेटचं नाव मीटिंगमध्ये घ्यायचं नाही. वॉर्डन आणि डॉक्टर सोडून कुणाला कळायचं कारण नाही. ग्रुपवर कुणीतरी "२१४ मध्ये कोण आहे कळलं का" असं टाकेलच, तू उत्तर देऊ नकोस. फोनवर तिच्याशी बोलत जा मात्र रोज, दहा दिवस चार भिंतीत एकटं बसणं वाईट असतं, तिला नोट्सचे फोटो पाठव, जेवण काय आलं ते विचार. दोन दिवस रागानं बोलणार नाही तुझ्याशी, बोलू दे नको बोलू दे.

राहिले काजूगर. काजूनं काही होत नाही, डब्यात हात घातल्यानं होण्याची भीती फार कमी. पण काजू खाताना तुम्ही दोघी बंद खोलीत तास-दोन तास बसून गप्पा मारल्या असणार, चंदगडचे काजूगर म्हणजे दोन मिनिटांत संपणारा विषय नव्हे. तिला ताप आला गुरुवारी आणि लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून माणूस विषाणू सोडायला लागतं, म्हणजे मंगळवार-बुधवारपासून तू संपर्कात आहेस. वहीत लिहून ठेव, पहिला संपर्क मंगळवार ७, शेवटचा आज रविवार १२, आणि दवाखान्यात तारखा विचारतील तेव्हा ते पान दाखव. तुला काही लक्षण दिसलं तर त्याच दिवशी टेस्ट, नाही दिसलं तरी शेवटच्या संपर्कानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसात एकदा, म्हणजे शुक्रवार १७पासून बुधवार २२पर्यंत. उरलेले काजू तिच्याकडंच राहू देत, तिला तिथं खायला होतील.